मुख्य रस्ता आधी रुंद करावा की अर्धवट राहिलेला डीपी (विकास आराखड्यातील) रस्ता जोडावा?

प्रश्नकर्ता: गावठाणवासी

नमस्कार. आमचे शहर तालुक्याचे ठिकाण असून लोकसंख्या आता लाखाच्या घरात पोहोचली आहे. गेल्या पंधरा वर्षांत गावठाणाबाहेरच्या शेतजमिनींवर एकामागून एक एन.ए. (बिगरशेती) ले-आउट पडत गेले. प्रत्येक ले-आउटमधील रस्ते आखीव आहेत, परंतु ते शेजारच्या ले-आउटच्या कुंपणापाशी संपतात. त्यामुळे पलीकडच्या कॉलनीतील शाळेत मुलाला सोडायचे झाले तरी मुख्य रस्त्यावर येऊन, चौक ओलांडून पुन्हा आत वळावे लागते. विकास आराखड्यात या वसाहतींना जोडणारा 12 मीटर रुंदीचा रस्ता आहे. त्याचे दोन्हीकडचे तुकडे डांबरी झाले आहेत, मात्र मधल्या दोनशे फुटांत एक गोठा, एक विंधन विहीर आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल अशी स्थिती आहे.

सध्या चर्चा आहे ती मुख्य रस्त्याच्या रुंदीकरणाची. त्यात दोन्ही बाजूंच्या जुन्या दुकानांचे दर्शनी भाग जातील. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्याने जातात, हेही खरे. निधी एकाच कामाला पुरेल असे दिसते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: नकाशावाला

नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो. आराखड्यावर रस्ता दाखवला म्हणजे जमीन ताब्यात आली असे होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 नुसार ती जमीन परस्पर संमतीने मोबदला देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क) अथवा वाढीव चटईक्षेत्र (त्याच जागेवर जादा बांधकामाची मुभा) देऊन किंवा भूसंपादन करून मिळवावी लागते. मोठ्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक असते. जिथे लोक मिळणारे मूळ चटईक्षेत्रही पुरते वापरत नाहीत, तिथे त्या कागदाला कोण विचारणार? तालुक्याच्या गावी रस्ते अडून राहण्याचे हे एक मोठे कारण मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादन अथवा त्यासाठीची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होते. आपला आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला, हे आजच पाहून घ्या. मुख्य रस्ता पाच वर्षांनीही रुंद करता येईल, पण त्या दोनशे फुटांवर एकदा इमारत उभी राहिली की जोडरस्ता कायमचा गेला असे समजावे.

शहराच्या कडेला जिथे अजून शेती शिल्लक आहे, तिथे नगररचना योजनेचा आग्रह धरावा. तीत सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड त्यांनाच परत दिले जातात. अहमदाबादच्या 76 किलोमीटरच्या रिंग रोडसाठीची बरीच जमीन अशाच योजनांतून उभी राहिली. हा कायदा आपल्याकडे 1915 पासून आहे, वापरण्याची सवय मात्र गुजरातने टिकवली.

उत्तर: चौकमोजणी

वाहतूक अभियंता म्हणून एक सुचवतो: रुंदी ठरवण्यापूर्वी मोजणी करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत वजन, म्हणजे ते वाहतुकीत किती मोटारींएवढे धरायचे तो आकडा, ठरवलेले आहे. एकूण वाहनांत ज्या प्रकाराचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असते, त्याचे वजनही वाढते. त्या हिशेबाने दुचाकी 0.75, तर ट्रॉलीसह ट्रॅक्टर 5 मोटारींएवढा धरतात. दुभाजक नसलेल्या, दोन्ही दिशांनी चालणाऱ्या दोन पदरी मुख्य रस्त्याची क्षमता तासाला 1500 मोटारी मानली आहे, परंतु हा आकडा कडेला पार्किंग नसलेल्या रस्त्याचा आहे. आपल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारसायकली तिरक्या लावलेल्या असणार, हे न पाहताही सांगतो.

शिवाय वाहने तुंबतात ती चौकात. दोन चौकांमधला रस्ता कितीही रुंद केला तरी चौकातून सुटणारी वाहने तेवढीच राहतात. म्हणून नुसती वाहने मोजू नका. मुख्य रस्त्यावर आलेले वाहन पुढच्याच चौकात उतरते की सरळ गावाबाहेर जाते, याची वेगळी नोंद ठेवा. आपल्या प्रश्नाचा निकाल त्यातच आहे.

उत्तर: लातूरकर

आमच्या लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. 1917 च्या सुमारास बाजारपेठ म्हणून ती रचना देखणी होती आणि आजही आहे, पण सगळे रस्ते केंद्राकडे नेणारे असले की शेजारच्या रस्त्यावर जाण्यासाठीही माणूस मधूनच फिरतो. ट्रॅक्टरसाठी बाहेरून वळणरस्ता मागालच, तर त्यावर दुकानांना थेट तोंड देऊ नका. आमच्याकडे रिंग रोडच्या दोन्ही अंगांना वस्ती झाली आणि तो शहराच्या आतलाच रस्ता होऊन बसला.

प्रश्नकर्ता: गावठाणवासी

सर्वांचे आभार. चौकमोजणी सरांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि एक शेजारी काल सकाळी दहा ते साडेदहा दोन चौकांत वही घेऊन उभे राहिलो. क्रमांकांचे शेवटचे चार अंक लिहून घेतले आणि घरी आल्यावर ताळा केला, तेव्हा निम्म्याहून अधिक दुचाक्या पहिल्या चौकात चढून दुसऱ्याच चौकात उतरलेल्या निघाल्या. ट्रॅक्टर मात्र सगळे सरळ गेले, त्यांना जोडरस्त्याचा उपयोग नाही.

नकाशावाला साहेब, आराखड्याला पुढच्या वर्षी दहा वर्षे पूर्ण होतात. गोठ्याच्या मालकांशीही बोललो. जमीन द्यायला त्यांची ना नाही, पण टीडीआर नको, मोबदला रोख हवा आणि उरलेल्या जागेत विंधन विहीर नव्याने खोदून मिळावी, असे त्यांचे म्हणणे आहे. विहिरीचा खर्च कलम 126 खालच्या संमतीच्या करारात धरता येतो का?

उत्तर: नकाशावाला

विहीर, झाडे, बांधकाम यांचे मूल्यांकन जमिनीच्या मोबदल्यात येतेच. त्यामुळे खोदून देण्याचे आश्वासन घेण्यापेक्षा विहिरीची रक्कम मोबदल्यात धरून घ्यावी. त्यांच्याकडून लेखी संमती घेऊन ती मोजणी नकाशासह पालिकेच्या सर्वसाधारण सभेपूर्वी दाखल करा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका.