खुडूक कोंबडीला रोज एकदा उठवा
खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. अंडी गार पडतील म्हणून तिला उठूच देऊ नका, असं काही जण सांगतात. उलट करा. स्वतःहून उठत नसेल तर रोज उचलून बाहेर ठेवा. दाणापाणी, भली मोठी घाणेरडी शीट (नाक धरावं लागतं!) आणि मातीत लोळण उरकून पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसते. तेवढ्यानं अंडी बिघडत नाहीत. पेंढ्याखाली चुलीची राख मात्र पसरा, उवा-पिसवा झाल्या की कोंबडी बैठक मोडून उठते. कोंबडी बसवल्यापासून सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नितळ असेल तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की दाण्याची घाई नको, पोटातला बलक दिवसभर पुरतो. मग बारीक कणी, आणि पाणी उथळ थाळीत खडे टाकूनच.