मदत हवी आहे: नळाला लाल पाणी येतंय, कुठला फिल्टर घेऊ?

अबोली_घरची
कोणीतरी लवकर सांगा. चतुर्थीच्या आधीपासून नळाला लाल पाणी येतंय. घरात सात महिन्यांचं बाळ आहे, नुकतंच वरचं सुरू केलंय. फिल्टर आजच्या आज घ्यायचाय. दुकानदार आरओच (पाण्यातले क्षारही काढणारा) घे म्हणतो, नणंद म्हणते यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा) पुरे. पंधरा हजारांच्या आत बसायला हवा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सांगून झालंय, "बघतो" म्हणाले आणि कोणी फिरकलं नाही, तेव्हा तिथे जा असं परत कोणी सांगू नका.

कुळागर_फोंडा
आरओ घ्या. आमच्याकडे सहा वर्षं आहे, एक तक्रार नाही. लहान मूल असताना पैशांकडे बघू नये.

केमिस्ट्रीवाली
थांबा, एवढ्यात काही घेऊ नका. गाव कुठलं? नळ सरकारी की विहिरीवरचा पंप? घरात संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, आहे का, वर टाकी आहे का? आणि लाल म्हणजे नेमकं कसं, नळातून पडतानाच लाल की पडताना स्वच्छ आणि बादलीत राहिल्यावर लाल होतं? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

नाना_बार्देश
आम्ही जन्मभर विहिरीचं पाणी प्यायलो. आई रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवायची, सकाळी तेच प्यायचो. तुमच्या आवारात जुनी विहीर असेल तर ती उपसून घ्या, गाळ काढा आणि नळाचा नाद सोडा.

अबोली_घरची
सरकारी नळच हो, दुसरा कसला असणार! गोव्यात डिचोली तालुका, साखळीच्या बाजूला. विहीर नाही. लाल म्हणजे लाल. बाळाचे धुतलेले लंगोट पिवळट होतात, पेजेला रंग येतो, चहा काळाकुट्ट होतो.

केमिस्ट्रीवाली
चहा काळा होतो म्हणजे पाण्यात लोखंड आहे. चहातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की तसा रंग येतो. आता एक करा. पांढऱ्या पातेल्यात थेट नळाचं पाणी धरा, टाकीचं नको. लगेच बघा आणि तासाभराने परत बघा. आधी स्वच्छ आणि मग लाल झालं तर विरघळलेलं लोखंड हवा लागून गंजतंय. पडतानाच लाल असेल तर लायनीतला गंज किंवा बाहेरची माती. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आणि आरओ कशाला? आपल्याकडचं नदीचं पाणी मृदू असतं. मी जिथे जिथे मोजलं तिथे टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) शंभराच्या आतच आला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला. शिवाय लोखंडाने मेम्ब्रेन, म्हणजे आरओचा गाळणारा पडदा, तुंबतं.

कुळागर_फोंडा
लवाद दिल्लीत बसतो, माझ्या स्वयंपाकघरात नाही. आरओने रंग जातो, वास जातो, जंतू जातात. एवढं झाल्यावर आणखी काय हवं? आणि मेम्ब्रेन तुंबतं म्हणून त्याच्या आधी सेडिमेंट फिल्टर लावतात, तो दर दोन महिन्यांनी बदलायचा.

केमिस्ट्रीवाली
जातात, मान्य आहे. पण एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर मोरीत सोडावे लागतात, तेही जिथे पाणी दिवसाआड येतं तिथे. ज्या कामासाठी ते यंत्र आहे, म्हणजे क्षार काढणं, ते काम तुमच्या पाण्याला नकोच आहे.

तांबडी_माती
लाल पाण्याचं मूळ खाणी आहेत, हे कोणी बोलणार आहे की नाही? डोंगर पोखरले, माती ओढ्यांत उतरली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा पहिल्या पावसातच आमच्या ओढ्याचा रंग बदललेला मी पाहिलाय.

सत्तरीचा_सूर्या
आमच्या भागात कधी खाण नव्हती, तरी विहिरीच्या काठाला लाल थर बसतो. चिऱ्याच्या मातीतच लोखंड आहे. सगळं खाणीवर ढकलू नका. त्यापेक्षा म्हादई नदीच्या पाणीवाटपाचं बोला. म्हादई जलतंटा लवादाचा निवाडा २०१८ साली आला, तेव्हापासून आपण भांडतोच आहोत. उद्या नदीला पाणीच राहिलं नाही तर फिल्टर घेऊन काय करणार?

अबोली_घरची
खाण आणि म्हादईचं नंतर बोला हो. मी आज बाळाला काय पाजू ते सांगा. पातेल्याचं करून बघितलं: पडतानाच लाल येतं, पण सुरुवातीलाच जास्त. अर्ध्या तासाने बरंच निवळतं.

जुना_फिटर
मी ह्याच कामात नोकरी काढली. साखळीच्या बाजूला बहुतेक पडोशेचं पाणी असणार, वाळवंटी नदीवरचा शुद्धीकरण प्लांट. प्लांटातून पाणी लाल निघत नाही, वाटेत होतं. तुम्ही अजून हे सांगितलं नाही: दिवसातून किती वेळ पाणी येतं? शेजाऱ्यांकडेही लालच का? वाड्यावर कोणी लायनीला थेट मोटर लावली आहे का? जवळपास रस्ता, केबल, गटार, काही खोदकाम चाललंय का?

अबोली_घरची
दिवसाआड येतं, पहाटे दीडेक तास. उजवीकडच्या दोन घरांतही लाल, चढावरच्या घरी नाही. मोटर अर्ध्या वाड्याला आहे, आमच्याकडेही आहे, त्याशिवाय टाकीत चढतच नाही. समोर गटाराचं काम चालू आहे, जेसीबी येऊन गेला. पण त्याचा काय संबंध, पाण्याला वास येत नाही. म्हणजे एखाद्या दिवशी किंचित ओलसर वास येतो, तो पावसाचा.

जुना_फिटर
ताई, संबंध आहे, आणि हेच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. लाल रंग विसरा, तो डोळ्यांना दिसतो तरी. पाणी बंद असतं तेव्हा लायनीत दाब नसतो. कुठे सांधा सैल झाला असेल, जेसीबीच्या दाताने पाईप चिरला असेल, तर खड्ड्यात साचलेलं पाणी तिथून आत शिरतं. पाणी सुटल्यावर तेच आधी घरात येतं. त्यात थेट मोटर लावली की ती लायनीतून ओढतेच, आणि चिरेतून गटाराचं पाणीही ओढते. मी पाईप उकरून बघितलेत. बाहेरून शेवाळलेला सांधा, आणि आतल्या बाजूला गटाराचा काळा लेप.

आई_डॉक्टर_नाही_पण
कावीळ, टायफॉइड सगळं असंच पसरतं. बाळाला जुलाब आहेत का? असतील तर ओआरएस द्या, तेही उकळलेल्या पाण्यातच करा, आणि डॉक्टरांना दाखवा. दात येताना जुलाब होतात असं म्हणून बसू नका.

अबोली_घरची
परवापासून शी पातळ आहे. दातांचं असेल असं सासूबाई म्हणाल्या. आत्ताच निघतो दाखवायला.

केमिस्ट्रीवाली
दाखवून या. पाण्याचं आजपासून असं करा. नळ आला की पहिली दहा-पंधरा मिनिटं झाडांना सोडा, पिण्याचं त्यानंतर भरा, मोटर न लावता. निवळू द्या, जाड सुती कापडाने गाळा आणि मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. त्याच भांड्यात झाकून ठेवा. बाळाची भांडी आणि वाटी-चमचा शेवटी त्याच पाण्याने विसळा. उकळल्याने जंतू मरतात, लोखंड जात नाही, उलट पाणी जास्त तांबूस दिसेल. त्याने घाबरू नका.

यूव्ही गढूळ पाण्यात नीट चालत नाही, कणांच्या आड जंतू लपतात. म्हणून पाणी तपासून रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुठलाच फिल्टर नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लोह लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) मात्र १०० मिलीत एकही नको. आणि टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. दुकानदार तोच बुडवून दाखवेल, त्यावर जाऊ नका.

वास्को_वाला
तोवर २० लिटरचा जार आणा ना.

आई_डॉक्टर_नाही_पण
आणा, पण बाळासाठी तोही उकळाच. जार कुठे भरतात हे आपण कुठे बघायला जातो?

नाना_बार्देश
सरकार महिन्याला १६,००० लिटर फुकट देणार म्हणून २०२१ साली आपण टाळ्या वाजवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल'चं पहिलं प्रमाणित राज्य झालं, तेव्हाही वाजवल्या. घरोघरी नळ पोचला, चांगलंच झालं. पण त्या नळात दिवसभर दाब असायला हवा, ह्यासाठी आता आपणच आवाज काढायला हवा.

जुना_फिटर
नाना, पटलं. अबोलीताई, ऑफिसात जा असं मी सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सॅनिटरी इन्स्पेक्टरला भेटा. "पाणी लाल आहे" म्हणू नका, "पिण्याच्या लायनीत गटार शिरतंय असा संशय आहे आणि घरात बाळाला जुलाब आहेत" असं लेखी द्या, तिन्ही घरांच्या सह्या घ्या. त्यांना सांगा की चढावरच्या घरी आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे जंतू मारायला पाण्यात घातलेलं क्लोरीन उरलंय का ते तपासा. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतात, क्लोरीन असेल तर पिवळं होतं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. जंतूंसाठीचं सॅम्पल लॅबच्या निर्जंतुक बाटलीतच द्या. घरची बाटली धुऊन नेलीत तर रिपोर्टला अर्थ नाही.

अबोली_घरची
देव बरे करो सगळ्यांचं. बाळ बरं आहे, डॉक्टरांनी औषध दिलं, उकळलेलंच पाणी द्या म्हणाले. आज पहाटे पाणी यायच्या वेळेला आरोग्य केंद्राची माणसं आली. चढावरच्या घरी पाणी पिवळं झालं. आमच्याकडे काहीच रंग आला नाही. सॅम्पल नेलंय. ह्याचा अर्थ काय?

जुना_फिटर
त्या घरापर्यंत क्लोरीन पोचतं आणि तुमच्याकडे येताना संपतं. घाण शिरली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. म्हणजे बिघाड बहुतेक त्या मधल्या पट्ट्यात, गटाराच्या खोदकामाखाली आहे. आता ऑफिसाला हेच दाखवा, खड्डा कुठे मारायचा ते त्यांना शोधत बसावं लागणार नाही. तिन्ही घरांनी मोटर बंद ठेवा, तुमच्या एकट्याच्या बंद करण्याने भागणार नाही. लायन दुरुस्त झाली की टाकी आणि संप घासून घ्या.

अबोली_घरची
शेजाऱ्यांशी बोलते. टाकीत ब्लिचिंग पावडर किती घालायची?

केमिस्ट्रीवाली
आधी गाळ पूर्ण काढा, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. मग स्वच्छ पाणी भरून १,००० लिटरला अडीच ग्रॅम, ताजी, बंद डब्यातली पावडर. बादलीत कालवून तिच्यातला चुना खाली बसू द्या, फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तासभर वापरू नका. थोडं लोखंड असेल तर ह्यानेही पाणी तांबूस होईल, ते बसू द्या.

कुळागर_फोंडा
मग फिल्टर कुठला ठरला शेवटी?

अबोली_घरची
अजून कुठलाच नाही. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकते, मग सांगा.