डिस्क फेकू नका, अडचण रीजनची आहे
अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी इथे लागत नाही, डिस्कच खराब असावी, असं एकाने म्हटलंय. डिस्क बहुधा ठणठणीत आहे. डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा कोड तिच्यावर असतो, तोच रीजन: अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. प्लेअर कोड वाचतो आणि अडून बसतो. बहिणीने न्यू जर्सीहून माझ्या लेकासाठी प्राण्यांच्या माहितीपटांचा संच पाठवला होता. नौपाड्यातल्या घरी डिस्क आत सरकवली, ती जराशी घरघरली आणि पडद्यावर नुसता रीजन चुकल्याचा संदेश. पोराचं तोंड एवढंसं झालं. रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू होती हो! अजून राग येतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण साधारणपणे फक्त ५ वेळा. शेवटी निवडाल तोच कायमचा. त्यामुळे घाईने बदलू नका. मी शेवटी गोखले रोडवरून मल्टी-रीजन, म्हणजे वेगवेगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा, प्लेअर आणला, तेव्हा कुठे हत्ती दिसले.