हेलिकॉप्टरचं लायसन्स आहे, नोकरी नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने अमेरिकेत रॉबिन्सन आर44 वर हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग घेतलं, इथे येऊन डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर दिले, लायसन्स बदलून घेतलं. लॉगबुकात उड्डाणाचे जेमतेम 190 तास, तेही सगळे पिस्टन इंजिनवरचे. आता जिथे जावं तिथे टर्बाइन इंजिनवर उडवल्याचे तास मागतात. जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची, केदारनाथला डोंगरातला अनुभव हवा. शिवाय रांगेत पुढे सैन्यातून निवृत्त झालेले, हजारो तासवाले. त्यांच्यापुढे हा काय टिकणार! गेल्या आठवड्यात एका ऑफिसात रिसेप्शनवरच बायोडेटा ठेवून घेतला, ‘कळवतो’ म्हणाले. आई रोज विचारते, फोन आला का?

या लायनीत कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का? स्वखर्चाने बेल 407 या टर्बाइन हेलिकॉप्टरचं टाइप रेटिंग (त्या मॉडेलचा परवाना) करावं, की आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसताही उपकरणांवर उडवण्याचा परवाना)? डोक्यावर कर्ज आहे, त्यामुळे भलतीकडे पैसे घालायचे नाहीत. इन्स्ट्रक्टर होऊन तास वाढवणं आपल्याकडे जमतं का? एजंटचे नंबर मात्र देऊ नका, एकदा हात पोळलेत.