मदत हवी आहे: व्हिएन्नात पाच रात्री, शनिवारी दुपारी पोहोचतोय, सोबत सासू-सासरे

मेथीकूट
मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी व्हिएन्नाला जातोय. शनिवारी दुपारी ३ ला विमान उतरतं, गुरुवारी सकाळी परतीचं आहे. आम्ही दोघं, मुलगा (वय ११) आणि सासू-सासरे. दोघं सत्तरीच्या पुढचे. सपाटीला हवं तेवढं चालतात, जिन्यांना मात्र घाबरतात. सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही.
राजवाडे यादीत आहेतच. त्यापलीकडे तिथले लोक ज्या तऱ्हेने शहराची मजा घेतात, तसं काहीतरी करायचंय. अडलेले प्रश्न:
१. फ्लॅट कुठल्या भागात घ्यावा?
२. विमानतळावरून १६ मिनिटांत नेणारी हिरवी ट्रेन घ्यावी का?
३. ऑपेरा कमी पैशांत बघता येतो का?
४. खायचं काय?

डॅन्यूबकाठ
तुमचे चारही प्रश्न बाजूला ठेवून आधी शनिवारचं बघा. दुकानं आणि सुपरमार्केट शनिवारी संध्याकाळी ६ ला बंद होतात आणि थेट सोमवारी सकाळी उघडतात. ३ ला उतरून, पासपोर्टची रांग आणि सामान उरकून फ्लॅटवर पोहोचेपर्यंत ५ वाजतील. म्हणजे हातात एक तास. किल्ली मिळाली की एकाने बॅगा न उघडता पिशवी घेऊन निघायचं: दूध, दही, ब्रेड, भाज्या, तांदूळ. हुकलंच तर हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन), वीन मिटे आणि प्राटरस्टर्न या स्टेशनांतली सुपरमार्केट रविवारीही उघडी असतात. पण रविवारी अख्खं गाव तिथेच लोटतं, दुपारपर्यंत ब्रेडच्या फळ्या रिकाम्या.

घरून नेणार असाल तर तूप, पेढे, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. भाजणी, पोहे, मेतकूट, बाकरवडी बिनधास्त न्या.

हिरवी ट्रेन (सिटी एअरपोर्ट ट्रेन) घेऊ नका. ती फक्त वीन मिटेपर्यंत जाते, शहराचा पास तिला चालत नाही आणि पाच जणांचे पैसे बघून सासरे हिशेब मांडतील. त्याच विमानतळावरून रेलजेट ही साधी रेल्वेगाडी पाव तासात हाउप्टबानहोफला सोडते, तेही साध्या भाड्यात. तिथून यू-१ मेट्रो. तिकीट काढताना एवढं ध्यानात ठेवा की विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे. नुसता शहराचा पास घेऊन बसलात तर तो हद्दीपर्यंतच चालतो, पुढच्या तुकड्याचं वेगळं तिकीट लागतं. गोंधळ नको असेल तर रेल्वेच्या (ओबीबी) ॲपवर विमानतळ ते व्हिएन्ना असं सरळ तिकीट काढा.

मेट्रोला गेट नाहीत, त्यामुळे लोक फसतात. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी निळ्या डब्यात घालून शिक्का उमटवायचा, एकदाच. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड १०० युरोंच्या वर जातो आणि "माहीत नव्हतं" हे कारण ते दिवसातून पन्नासदा ऐकतात. ॲपवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही. किमती जुन्या प्रवासवर्णनांतून उचलू नका, २.४० युरोचं एकेरी तिकीट आता इतिहासजमा आहे, २०२६ च्या सुरुवातीला भाडी वाढली. आणि नकाशात यू-५ शोधत बसू नका. यू-४ नंतर एकदम यू-६ येते. ५ चं बांधकाम चालू आहे.

सोमवारकर
फ्लॅटबद्दल. पिनकोडचे मधले दोन आकडे म्हणजे वॉर्ड: १०७० म्हणजे सातवा, १०२० म्हणजे दुसरा. तुमच्यासाठी २, ३, ४ आणि ७ बरे. पहिल्या वॉर्डात राहण्यात पैसे जातात आणि संध्याकाळी शेजार म्हणून फक्त पर्यटक मिळतात.

जिन्यांची भीती आहे म्हणून हे नीट वाचा. जुन्या इमारतींत मजले मोजायची पद्धत फसवी आहे. तळमजल्याच्या वर "होखपार्टेर", त्याच्यावर "मेत्सानिन" आणि मग कुठे "पहिला मजला". जाहिरातीत दुसरा मजला म्हटलं की प्रत्यक्षात चार जिने चढायची तयारी ठेवायची, कारण छतंही उंच असतात. घरमालकाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. मेट्रो स्टेशनांची काळजी नको, तिथे लिफ्ट आहेत.

म्युझियमचे वार: कुन्स्टहिस्टोरिशेस सप्टेंबरात सोमवारी बंद, लेओपोल्ड मंगळवारी बंद. सोमवारी शोनब्रुन किंवा बेल्व्हेडेर हे राजवाडे करा. बेल्व्हेडेरचं तिकीट वेळेचं असतं, क्लिम्टचं 'द किस' वरच्या महालात आहे. अल्बर्टिना बुधवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, शेवटच्या संध्याकाळी बसेल. कुन्स्टहिस्टोरिशेस, बेल्व्हेडेर आणि अल्बर्टिना या सरकारी म्युझियमांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. मुलाचा पासपोर्ट दाखवा. कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये सगळं बघायच्या भानगडीत पडू नका. वरच्या मजल्यावर ब्रूगेलच्या दालनात जा, बारा चित्रं आहेत, जगात इतकी एकत्र कुठेच नाहीत. समोर बसायला गुबगुबीत सोफे आहेत. सासू-सासऱ्यांना तिथे बसवा आणि मुलाला 'टॉवर ऑफ बॅबेल'मधली माणसं मोजायला सांगा.

निळीट्राम
ऑपेरा: बघता येतो, उभं राहून. स्टाट्सओपरला उभ्याची साडेचारशेच्या आसपास तिकिटं असतात आणि ती सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास पडतात. काही त्या दिवशी सकाळी १० पासून ऑनलाइन सुटतात. उरलेली इमारतीच्या ऑपर्नगासे बाजूच्या खिडकीवर, खेळाच्या ८० मिनिटं आधी. गाजलेला खेळ असेल तर त्याच्याही तासभर आधी रांगेत लागा. माणशी एकच तिकीट मिळतं, म्हणून "तुम्ही बसा, मी सगळ्यांची काढतो" चालत नाही.

आत गेल्यावरची पद्धत: जागा धरायची म्हणजे समोरच्या दांडीला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा आणि फिरायला जायचं. बांधलेल्या रुमालाला कोणी हात लावत नाही, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालापेक्षा याला जास्त मान आहे. दांडीवरच छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी भाषांतर चालतं. कोट आणि मोठ्या बॅगा खाली क्लोकरूमला द्याव्याच लागतात. हाफपँटवर सोडत नाहीत.

सत्तरीतल्या माणसांना तीन तास उभं करू नका. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी ११ ला आउगुस्टिनरकिर्खे या चर्चमधली मास उत्तम: पूर्ण ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, बसायला बाकं, तिकीट नाही. शेवटी दानाची पेटी फिरते. साडेदहाला जाऊन बसा. ती प्रार्थना आहे, मैफल नाही. मधे टाळ्या नाहीत, फोटो नाहीत.

एक इशारा. ऑपेराबाहेर आणि श्टेफान्सप्लाट्झला लाल कोट आणि पांढरा टोप घातलेले मोत्सार्ट तिकिटं विकतात. ती ऑपेराची नसतात, कुठल्यातरी दुसऱ्या हॉलमधल्या पर्यटक-मैफलीची असतात. हॉलचं नाव विचारा, म्हणजे बोलणं आपोआप संपतं.

गवती_चहा
खाण्याचं सांगते, कारण इथे न दिसणारं मांसच जास्त असतं.
'केझेक्राइनर' यात केझे म्हणजे चीज वाचून लोक मागवतात. ते चीज भरलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज आहे. 'फ्रिटाटनसुपे'त धिरड्याच्या पट्ट्या दिसतात, पण पाणी गोमांसाचं असतं. बटाट्याचं सॅलड सगळ्यात साळसूद: व्हिएन्नाच्या पद्धतीत ते बऱ्याचदा गोमांसाच्या गरम सूपमध्ये मुरवतात. प्रत्येक ठिकाणी विचारायचं. "ओने फ्लाइश" म्हणजे मांस नको, "ओने आय" म्हणजे अंडं नको, आणि सूप-सॅलडसाठी "ओने रिंडसुपे", म्हणजे गोमांसाचं पाणी नको.

कायझरश्मारन आणि पालाचिंकन (दोन्ही गोड धिरडी), चीजचे नॉकर्ल (पिठाचे छोटे गोळे) यांत अंडं असतंच, सासूबाईंसाठी बाद. अपफेलश्ट्रूडेलची (सफरचंदाची गुंडाळी) पारी मुळात मैदा, तेल, पाण्याची. तरी विचारून घ्या, आणि व्हॅनिला सॉसऐवजी फेटलेली साय ("श्लागओबर्स") मागा, सॉसमध्ये पिवळा बलक असतो.
भाजी आणि भरपेट खाणं ब्रुनेनमार्क्टला. यू-६ चं योझेफश्टेटर श्ट्रासे स्टेशन, पाच मिनिटं चालून. तुर्की पाव, फलाफल, मिरच्या, कोथिंबीर, सगळं. नाशमार्क्ट बघायला छान, खायला महाग. रविवारी तेही बंद.
पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी आहे, पहिली जलवाहिनी १८७३ ची. बाटली भरा आणि निघा.

मेथीकूट
केझेक्राइनरसाठी साष्टांग नमस्कार! आम्ही शंभर टक्के मागवलं असतं. आता एकच: कॉफीहाउसमध्ये पाच जण गेलो तर लवकर उठवतात का? आणि रविवारची दुपार मोकळीच दिसतेय.

निळीट्राम
उलट आहे. एका कॉफीवर तीन तास बसा, कोणी विचारणार नाही. बिलसुद्धा मागितल्याशिवाय येत नाही. वेटर दुर्लक्ष करतोय असं समजून चिडू नका, "त्सालन, बिटे" म्हणा. टीप टेबलावर ठेवून जायची नाही. बिल २२.४० झालं तर नोट देताना "२४" म्हणायचं, तो तेवढे कापून उरलेले देतो. रोकड जवळ हवी, सगळीकडे कार्ड घेतात असं नाही.
नुसतं "कॉफी" मागू नका. आपल्या जिभेला जवळची मेलांज (दूध आणि फेस). आइनश्पेनर म्हणजे काचेच्या पेल्यात काळी कॉफी, वर सायीचा डोंगर. ब्राउनर छोटी आणि कडक, दूध बाजूला. कॉफी चांदीसारख्या चकचकीत छोट्या तबकात येते, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर पालथा आडवा चमचा. पाणी संपलं तर परत मागता येतं, त्याचे पैसे सहसा लागत नाहीत.

डॅन्यूबकाठ
रविवारची दुपार मोकळी आहे तेच बरं, शहरातले लोकही तेव्हा द्राक्षमळ्यांतच असतात. यू-४ ने शेवटच्या हायलिगनश्टाट स्टेशनला जा, तिथून ३८ए बस थेट कालेनबर्गच्या माथ्यावर (४८४ मीटर). शहराचंच तिकीट चालतं. वर एका बाजूला द्राक्षाचे मळे, खाली डॅन्यूब आणि अख्खं शहर. तुम्ही दोघं आणि मुलगा मळ्यांमधून नुसडॉर्फपर्यंत पायी उतरा, दीड तास धरा. वाट उताराची आहे, गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. सासू-सासरे त्याच बसने खाली हायलिगनश्टाटला येतील आणि तिथून डी ट्रामने नुसडॉर्फला. भेटायची जागा नुसडॉर्फचा डी ट्रामचा शेवटचा स्टॉप.

तिथे हॉयरिगर गाठा. स्वतःच्या मळ्याची वाइन विकणाऱ्याचं अंगण, १७८४ च्या राजाज्ञेपासून चालत आलेली परवानगी. दारावर हिरवी फांदी टांगलेली असेल तर उघडं, नसेल तर बंद. अनेकजण वर्षातले ठरावीक आठवडेच उघडतात, म्हणून निघायच्या आधी बघून घ्या. वाइन टेबलावर येते, खाणं मात्र आत काउंटरवर जाऊन वजनावर किंवा नगावर घ्यायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. इथे नवखे तासभर मेन्यूची वाट बघत बसतात. शाकाहारी माणसाने लिप्टाउअर (लाल मिरचीपुडीचं चीज) आणि काळा ब्रेड घ्यावा. एक "आख्टेल" म्हणजे १२५ मिली, "गश्प्रिट्स्टर" म्हणजे निम्मी वाइन, निम्मा सोडा. मुलाला द्राक्षाचा रस.

या दिवसांत "श्टुर्म" मिळतं, अर्धवट आंबलेला द्राक्षरस. गढूळ, गोड, सरबतासारखं दिसतं, पण त्यात अल्कोहोल असतं; मुलाचा आणि श्टुर्मचा पेला शेजारी ठेवू नका. बाटली घेतलीत तर उभीच धरा. आंबणं चालू असतं म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात, पिशवीत आडवी पडली की सगळे कपडे चिकट.
तुमचा शनिवार-रविवार सप्टेंबरचा शेवटचा असेल तर वाइनवांडरटाग त्याच सुमारास असतो. मळ्यांच्या पायवाटांवर टेबलं मांडलेली असतात. गर्दी होते, बससाठी अर्धा तास जास्त धरा.

निळीट्राम
पाय दुखतील त्या दिवशी ट्रामने रिंग (जुन्या शहराभोवतीचा गोल रस्ता) करा. पिवळी पर्यटक गाडी लागत नाही. श्वेडनप्लाट्झहून १ नंबर (श्टेफान-फाडिंगर-प्लाट्झच्या दिशेची), उजवीकडची खिडकी: विद्यापीठ, राटहाउस (नगरपालिकेची इमारत), संसद, दोन जुळी म्युझियम. ऑपेराला उतरून २ नंबर धरली की परत श्वेडनप्लाट्झ. कुठलीही एक ट्राम पूर्ण फेरी मारत नाही, बसून राहिलात तर दहाव्या वॉर्डात पोहोचाल.
७१ नंबर त्सेंट्रालफ्रीडहोफ या दफनभूमीला जाते. दुसऱ्या दरवाजाला उतरलं की बेटहोफन, शूबर्ट, ब्राम्स जवळजवळ. "त्याने ७१ पकडली" म्हणजे व्हिएन्नात माणूस गेला. सासऱ्यांना हे सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मेथीकूट
सांगितलं, हसले. शेवटचं: बाटलीवर छापील किमतीपेक्षा २५ सेंट जास्त लावतात असं वाचलं, ते काय?

सोमवारकर
अनामत आहे. १ जानेवारी २०२५ पासून प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर लागते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकायची, पावती येते, ती काउंटरवर दिली की पैसे वजा. चेपू नका आणि लेबल फाडू नका, मशिन बारकोड वाचतं, चेपलेली परत ओकतं. गुरुवारी सकाळी निघताय, तेव्हा बुधवारी संध्याकाळीच टाकून या.