जो बरोची कॉलेजमधली पाच वर्षं: हिशेब कसा लागतो?

शनिवारची_मॅच
अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला आणि शेवटचा हंगाम २०१९ मध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) खेळला. कॉलेजात हंगाम चारच मिळतात ना? मग पाचवं वर्ष आलं कुठून? तेव्हा संघ बदलला की वर्षभर बाहेर बसावं लागायचं, तरी तो लगेच मैदानात कसा उतरला? आणि २०१८ मध्ये १६ टचडाऊन पास (चेंडू थेट गोलक्षेत्रात पोचवून गुण देणारे), २०१९ मध्ये थेट ६०! जाणकारांनी कारणं सांगावीत.

पिवळा_रुमाल
आधी नियमाचं. दाखल झाल्यापासून पाच वर्षांचं घड्याळ चालू होतं आणि त्यात चार हंगाम खेळता येत. २०१५ मध्ये बरो रेडशर्ट होता. म्हणजे वर्ग, व्यायाम, सराव सगळं संघासोबत, पण सामना एकही नाही. ते वर्ष चारांत धरत नाहीत. २०१६ आणि २०१७ पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटच्या मागे बाकावर गेले. दोन्ही मिळून ३९ पास, त्यातले २९ पोचले, २८७ यार्ड. एवढ्यासाठी दोन हंगाम खर्ची पडले. चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट राहता येण्याची सवलत २०१८ मध्ये आली, त्याआधी नाही.

बाहेर बसण्याची अट पदवी न झालेल्यांना होती. बरोने तीन वर्षांत पदवी संपवली आणि मे २०१८ मध्ये पदवीधर म्हणून एलएसयू गाठलं. हातात दोन हंगाम उरले. पदवीला नेहमीसारखी चार वर्षं लावली असती, तर एकच उरला असता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

पाच_ब्लॉकर
आता १६ चे ६० कसे झाले ते. २०१८ मध्ये एलएसयू जुन्या वळणाचं आक्रमण खेळत होतं: टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू) लाइनजवळ आत, धाव आधी, पास नंतर. बरोचे ५७.८ टक्केच पास पोचले. २०१९ ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून प्रशिक्षक जो ब्रेडी आला. त्याने आणि आक्रमणाचा समन्वयक स्टीव्ह एन्समिंगरने मैदान रुंद पसरवलं. कित्येकदा पास झेलू शकणारे पाचही जण बाहेर, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सुद्धा. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने त्या हंगामात १,४१४ यार्ड धावून शिवाय ५५ पास झेलले, ते यामुळेच.

पण यात धोका मोठा आहे. पाच बाहेर गेले की क्वार्टरबॅकला राखायला पाचच उरतात. समोरून सहा आले तर एक जण मोकळाच येणार, त्याला कोणी अडवू शकत नाही. म्हणून चेंडू मागे येण्याआधीच क्वार्टरबॅकने ओळखायचं की तो सहावा कोण, आणि तो जी जागा सोडून आला तिथे ताबडतोब चेंडू टाकायचा. वाचन चुकलं की सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक पाडला जाणं), नाहीतर इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने झेलणं). बरोचं वाचन क्वचितच चुकायचं: ५२७ पैकी ४०२ पास पूर्ण, ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, इंटरसेप्शन फक्त ६.

७ सप्टेंबर २०१९ चा टेक्ससविरुद्धचा सामना बघाच. शेवटची अडीच मिनिटं, आघाडी सहा गुणांची, तिसरा डाऊन (चारांतला तिसरा प्रयत्न), चेंडू राखायला १७ यार्ड पुढे जाणं गरजेचं. टेक्ससने ब्लिट्झ सोडला, म्हणजे जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर धाडले. बरो मागे पळाला नाही, पुढे सरकला आणि जस्टिन जेफरसनला ६१ यार्डांचा टचडाऊन दिला. पळाला असता तर सॅक ठरलेला होता.

जुने_हेल्मेट
वरचं पटलं, पण ब्रेडीला सगळं श्रेय देऊ नये. १ जानेवारी २०१९ च्या फिएस्टा बोल या हंगामअखेरच्या सामन्यात, ब्रेडी येण्याआधी, बरोने यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ) विरुद्ध ३९४ यार्ड आणि चार टचडाऊन टाकले होते. एका हंगामात प्लेबुक (संघाच्या ठरलेल्या चालींचा संच) आणि सोबती अंगवळणी पडले होते. झेलणारेही तेच, फक्त वर्षाने मोठे: जमार चेस ३१३ यार्डांवरून १,७८० वर, जेफरसन ८७५ वरून १,५४० वर. आणि बरोला राखणाऱ्या त्या पाच जणांच्या लाइनला जो मूर पुरस्कार (देशातल्या सर्वोत्तम आक्रमक लाइनसाठीचा) मिळाला, हे सहसा कोणी सांगत नाही. ती ढिली असती तर पाच जण बाहेर पाठवायची हिंमत कुणी केली नसती.

शनिवारची_मॅच
हिशेब लागला, आभार. आज असं कोणी करायचं म्हटलं तर?

पिवळा_रुमाल
पदवीची अडचण उरली नाही. एप्रिल २०२१ पासून एकदा, आणि एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा, बाहेर न बसता संघ बदलता येतो. अट अभ्यास वेळेवर असण्याची. खेळाडू फसतात ते इथेच. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या ६० आणि पाचव्याच्या ८० टक्के अभ्यास झालेला लागतो. नवं विद्यापीठ जुने सगळे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) धरतंच असं नाही, त्यामुळे दोन-तीनदा बदललेला खेळाडू या टक्क्यांत अडकतो. बदली ठरवायच्या आधी नव्या अभ्यासक्रमात किती क्रेडिट धरले जातील, हे लेखी मागून घ्यावं.