मदत हवी आहे: जनरेटरच्या धुरात कॉइल घातली, पाणी कोमटच!

खटपट्या: डिझेल जनरेटरच्या धुरातून केवढी उष्णता वाया जाते! म्हणून सायलेन्सरच्या आधी तांब्याची कॉइल घातली. तीन तास चालवला, 500 लिटरची टाकी कोमटच. कॉइल किती मीटर वाढवू? आजच पाइप आणायचाय.

तेलकट_हात: केवढा जनरेटर? लोड किती? कॉइल आत की बाहेरून?

खटपट्या: आतच हो, बाहेरून कोण गुंडाळतं! 62.5 केव्हीए, म्हणजे पन्नासेक किलोवॅट. मीटर सांगा.

सीबेक_भक्त: पाणी कशाला? थर्मोइलेक्ट्रिक मोड्यूल लावा; एक बाजू गरम, दुसरी गार ठेवली की थेट वीज. हलता भाग एकही नाही.

तेलकट_हात: बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाची ना? उष्णतेतले जेमतेम 5 टक्के हाती लागतात. गार बाजूचं पाणी फिरवणारा पंपच त्यातला वाटा खाईल.

सीबेक_भक्त: फुकटचे 5 टक्के सोडायचे?

पिस्टनप्रेमी: धुराचा खरा उपयोग टर्बाइनच. राइटच्या आर-3350 टर्बो-कंपाउंड विमान इंजिनात धुरावर फिरणाऱ्या तीन टर्बाइन गिअर आणि तेलाच्या कपलिंगमधून क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) जोडलेल्या होत्या. काय ते दिवस!

खटपट्या: विमान नकोय, अंघोळीचं पाणी हवंय.

तेलकट_हात: लोड??

खटपट्या: दहा-बारा किलोवॅट. त्याचा काय संबंध? हल्ली धूर काळा येतो, ते वेगळं.

तेलकट_हात: वेगळं कसं! पाव लोडवर धूर मुळात कमी तापतो, डिझेल नीट जळत नाही, काजळी कॉइलवर बसते. मग उष्णता पाण्यात जात नाही, वाट चोंदते, बॅकप्रेशर (धुराचा इंजिनावर उलटा दाब) वाढतं, धूर आणखी काळा. कॉइल वाढवलीत तर हे सगळं वाढेल. 500 लिटर 25 वरून 60 अंशांवर न्यायला 20 युनिट उष्णता लागते. तुमच्या लोडवर धुरातून तासाला पाचेक युनिट मिळाली तरी पुष्कळ, तीही कॉइल स्वच्छ असताना. त्यापेक्षा इंजिनाचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) घ्या, ते 80-90 अंशांवर असतं. थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापल्यावरच उघडणारी झडप) पुढे, रेडिएटरच्या आधी प्लेट हीट एक्स्चेंजर लावा; त्यात पातळ पत्र्यांच्या एका बाजूने कूलंट, दुसऱ्या बाजूने तुमचं पाणी वाहतं. इंजिन गार पडणार नाही.

घनचक्कर: सोलर हीटर बसवा, विषय संपला.

पिस्टनप्रेमी: रात्री?

तेलकट_हात: कॉइलला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना? पंप बंद पडला तर आत वाफ होईल.

खटपट्या: कसला व्हॉल्व्ह? दोन्हीकडे नळ आहेत, वापर नसला की बंद करतो.

तेलकट_हात: दोन्ही नळ बंद म्हणजे वाफ कोंडून कॉइल फुटेल! जनरेटर आत्ता चालू आहे का?? असेल तर बंद करा. नळांना हात लावू नका, गार होऊ द्या. मग आधी ती कॉइल काढा.

खटपट्या: बंद केला. एक्स्चेंजर किती प्लेटांचा आणू?